खसखस, झेंडू आणि दारूगोळ्याचं गाव

“देवाला, गाडीला, का दुसरं काही?”

अंबरनाथ स्टेशनबाहेर टोपली मांडून बसणाऱ्या फुलवाल्या मावशींचा पहिला प्रश्न हा. ‘दुसरं काही’ म्हणजे काय, ते आपण समजून घ्यायचं. टोपलीतला झेंडू तोच, सुई-दोरा तोच. फरक इतकाच, की देवाच्या हाराला घासाघीस होते, गाडीच्या हाराला थोडी जास्तच होते, आणि ‘दुसऱ्या’ कामाला मात्र कुणी भाव करत नाही. सांगितले तेवढे पैसे द्यायचे, मान खाली घालून निघायचं.

मी बदलापूरचा. गाडी चुकली की अंबरनाथला उतरून मावशींच्या शेजारच्या टपरीवर चहा, हा माझा जुना नेम. तिथेच एकदा डोक्यात आलं, की जगभरच्या कवींनी युद्धाला आणि मेलेल्यांना कुठली ना कुठली फुलं नेमून दिली आहेत. आपल्याकडे काय? शोधायला गेलो तर गंमतच हाती लागली. वाचा.

हसू पिकतं ती खसखस, रडू येतं तीही खसखस

नोव्हेंबर आला की इंग्लंडमधल्या बातमीदारांपासून फुटबॉलपटूंपर्यंत सगळ्यांच्या छातीवर कागदी लाल फूल दिसतं. ते पॉपी, म्हणजे आपल्या खसखशीची सख्खी चुलत बहीण. अनारशावर लागते ती खसखस अफूच्या बोंडातली. युद्धस्मृतीचं लाल फूल रानटी, शेतात तणासारखं उगवणारं.

त्याला हा मान मिळाला एका कवितेमुळे. कवी होता कॅनडाचा लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे. 2 मे 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ त्याचा तरुण मित्र अॅलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने गेला. अंत्यविधीचे शब्द मॅक्रेलाच म्हणावे लागले. त्यानंतर त्याने लिहिलेली छोटीशी कविता 8 डिसेंबर 1915च्या ‘पंच’मध्ये छापून आली, तीही कवीच्या नावाशिवाय. ‘पंच’ हे साप्ताहिक विनोदी बरं का! शोकाचं सगळ्यात प्रसिद्ध फूल उगवलं ते विनोदी अंकात. मॅक्रे स्वतः युद्ध संपलेलं पाहू शकला नाही. जानेवारी 1918मध्ये न्यूमोनियाने गेला.

पण रणांगणावर हेच फूल का? त्याचं उत्तर शेतकऱ्याला विचारा. या पॉपीचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. जमीन उकरली, उजेड लागला की जागं होतं. ईप्रभोवतीच्या फ्लॅंडर्सची जमीन तोफांनी नांगरून काढली होती. म्हणजे कवीच्या डोळ्यांना जे रक्ताचं प्रतीक दिसलं, ते शेतकी भाषेत फक्त खोल नांगरटीनंतरचं तण होतं. प्रतीकं अशीच तयार होतात, तण म्हणून.

आता मराठीकडे या. आपल्या भाषेत खसखस ‘पिकते’ ती कशाची? हशाची! सभेत वक्त्याने कोटी केली की खसखस पिकलीच. इंग्रज ज्या फुलाकडे पाहून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात, त्याच्या चुलत बहिणीच्या दाण्यांचा आपण हशा पिकवतो.

तिसरी बाजूही आहे. 2010च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून शिष्टमंडळ घेऊन बीजिंगला गेले, कोटांवर पॉपी लावून. यजमानांनी सुचवलं, ती फुलं काढलीत तर बरं. चीनला त्या फुलात फ्लॅंडर्स दिसत नव्हतं, 1839चं अफूचं युद्ध दिसत होतं. पाहुण्यांनी फुलं काढली नाहीत. आणि त्या अफूतली बरीचशी माळव्यातून येऊन मुंबई बंदरातून चीनला जायची, हे आपण हळूच म्हणायचं. मुंबईच्या कितीतरी जुन्या देणग्यांना तो वास आहे.

झेंडूचं दुहेरी आयुष्य

झेंडू अगदी आपला, घरचा, दसऱ्याचा. जन्म मात्र मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो, आणि कबरीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, पितरांना रस्ता सापडावा म्हणून. तिथे झेंडू पितृपक्षाचा, इथे तोरणाचा. पोर्तुगिजांच्या काळात समुद्र ओलांडताना त्याने सुतक फेडलेलं दिसतं.

आणि मराठी कवितेत? तिथे तर त्याने थेट टोपी उडवली. 1925 साली प्रल्हाद केशव अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने विडंबन कवितांचं पुस्तक काढलं, ‘झेंडूची फुले’. त्या काळच्या कवींचे उसासे, हुंदके, प्रेमभंग, सगळ्यांची यथेच्छ टिंगल. तेव्हापासून मराठी वाचकाला ‘झेंडूची फुले’ म्हटलं की हार आठवत नाही, हसू येतं. खसखशीची तीच गत, झेंडूची तीच. जगाची दोन मोठी शोकफुलं आणि मराठीने दोन्हींना हसायला लावलं! याला आपल्या भाषेचा निबरपणा म्हणा की शहाणपण. मला तरी हे फार आवडलं.

पण झेंडूने शेवटी डाव उलटवलाच. 2018मध्ये पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीला 100 वर्षं झाली. त्या सुमारास दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडियाच्या पुढाकाराने भारतीय सैनिकांचं स्मृतिफूल म्हणून झेंडू पुढे आला. लाल पॉपीच्या शेजारी भगवा गोंडा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये खादीची पॉपीही निघाली, त्या युद्धात पडलेल्या 74,000 हिंदी सैनिकांसाठी. खादी आणि साम्राज्याचं युद्ध एकाच कोटावर, टाचणीने टोचून. गांधीजींनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

पितळेच्या गावात फुलदाणी

अंबरनाथला एका बाजूला शिलाहारांचं शिवमंदिर, शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060. दुसऱ्या बाजूला ऑर्डनन्स फॅक्टरी. गावातली जुनी माणसं नुसतं ‘ऑर्डनन्स’ म्हणतात, जसं नुसतं ‘देऊळ’ म्हणतात. एकीकडे बेल आणि धोतऱ्याचं फूल, दुसरीकडे पितळ आणि दारूगोळा, मध्ये बिचारी वालधुनी नदी.

पितळेवरून आठवलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा खच पडायचा. सैनिकांनी आणि तिथल्या कारागिरांनी त्यांना ठोकून, कोरून काय करावं? फुलदाण्या! गोळा गेला तिकडे, त्याचं टरफल आलं घरी, आईने त्यात फुलं ठेवली. अशा जोड-फुलदाण्या युरोपातल्या जुन्या बाजारांत अजून मिळतात. घरच्या फडताळावर एखादी असेल तर बुडाकडचा कारखान्याचा शिक्का वाचून बघावा.

आपल्याकडे उलट चाल आहे. आपण हत्याराची फुलदाणी करत नाही, हत्यारालाच फुलं घालतो. खंडेनवमीला अंबरनाथ एमआयडीसीत एक फेरी मारा: लेथला हार, ड्रिलला हार, फोर्कलिफ्टला हार, आणि सुपरवायझरच्या टेबलावरच्या व्हर्नियर कॅलिपरलासुद्धा एक सुटं फूल. तेलकट लोखंडावर झेंडूचा रंग जो काही खुलतो, तो देव्हाऱ्यातही खुलत नाही.

जाता जाता: मानवंदनेला वाहतात त्याला मराठीत ‘पुष्पचक्र’ म्हणतात. पद्धत साहेबाची, पण शब्द घडवणाऱ्याने त्यात विष्णूचं शस्त्र घालून ठेवलं आहे.

कमळ, कॅम्प नंबर पाच

आता उल्हासनगर. इथे जरा बसू या.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि 1947नंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं त्या बराकींत उतरवली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले, कोनशिला बसली, नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. सगळं गमावून आलेल्यांच्या गावाचं नाव ‘उल्हास’! ठरवून केलेली कविता नव्हे ही, नदीचा योगायोग. पत्ता मात्र अजून लष्करीच: कॅम्प एक, कॅम्प दोन, पाचपर्यंत. पंचाहत्तर वर्षांनंतरही रिक्षावाला विचारतो, “कौनसा कॅम्प?”

या गावाचं स्मृतिफूल शोधायचं तर हारवाल्याकडे जाऊ नका, भाजीबाजारात जा. तिथे चिखलाने माखलेले, मनगटाएवढे जाड, गाठीगाठींचे दांडे रचलेले दिसतील. मराठी माणूस म्हणतो कमळकाकडी. सिंधी माणूस म्हणतो ‘भी’. कमळाचा पाण्याखालचा दांडा. सुरीने आडवा कापला की आत भोकांची सुबक नक्षी, आणि प्रत्येक भोकात काळा गाळ. तो काढायचं काम फार चिकाटीचं: एकेका भोकात काडी घालायची, नळाखाली धरायचं, उजेडाकडे करून बघायचं, पुन्हा काडी. माझ्या एका सिंधी मित्राकडे हे काम आजीचं होतं. दुसऱ्या कुणी केलं तर तिला पटायचं नाही. “दातांखाली रेती आली तर सिंधूची यावी, इथली नको,” असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची.

आता कवितेकडे. सिंधीचा महाकवी शाह अब्दुल लतीफ, अठराव्या शतकातला. त्याच्या एका प्रसिद्ध बैतात कमळाचं मूळ पाताळात आहे आणि भुंगा आकाशात. दोघांमध्ये एवढं अंतर, तरी प्रीत जुळलेली. फाळणीच्या दोनशे वर्षं आधी लिहिलेलं हे. मुळं तिकडे, जीव इकडे, ही उल्हासनगरची अख्खी कहाणी त्याने भुंग्याच्या नावावर आधीच लिहून ठेवली होती. त्याचीच नायिका मारुई उमरकोटच्या महालात कैद असते, राणीपद नको म्हणते. मागते एवढंच, की मेले तर माझ्या मलीरची थंड माती अंगावर पडू द्या. निर्वासितांच्या पहिल्या पिढीला मारुई समजावून सांगावी लागत नसे.

कमळ हे अशा कामाला जुनंच फूल. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, 1927मध्ये खुलं झालेलं. भिंतीवर चार हजारांहून जास्त नावं, कारण त्यांची थडगीच नाहीत. समोर उभा अशोकस्तंभासारखा उंच खांब. त्याच्या माथ्यावर पॉपी नाही, दगडी कमळ आहे.

मराठीत तर कमळाचा एक जबरदस्त पत्रव्यवहार आहे. 1909. बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. धाकटे विनायकराव तेव्हा लंडनमध्ये. त्यांनी वहिनींना, येसूवहिनींना, पत्र लिहिलं ते कवितेत. ‘सांत्वन’ तिचं नाव. म्हणणं असं: फुलं उमलतात, सुकतात, त्यांची मोजदाद कोण ठेवतो? पण गजेंद्राने सोंडेने खुडून श्रीहरीसाठी नेलं ते कमळ मात्र अमर झालं. घरातला कर्ता पुरुष अंदमानला निघाला आहे आणि दीर वहिनीला सांगतो आहे, आपलं घर म्हणजे ते खुडलेलं कमळ. वहिनींना यातून किती धीर आला असेल, हा प्रश्न मला दर वेळी छळतो. देवाला वाहिलेलं फूल कवितेत अमर असतं. घरात मात्र ताट एक कमीच वाढायचं असतं.

योगायोग बघा, 1909मध्येच सावरकरांचं 1857वरचं पुस्तक निघालं आणि त्यात पलटणीपलटणींतून हातोहात फिरणारं लाल कमळ त्यांनी मोठ्या हौसेने रंगवलं. ती आख्यायिका इतिहासकारांना पुरती पचलेली नाही. चपात्या फिरल्या, एवढं नक्की. पण चपातीवर कविता कोण करणार?

सावरकरांच्या कमळाच्या अगदी उलट फूल हिंदीत आहे. माखनलाल चतुर्वेदींनी बिलासपूरच्या तुरुंगात लिहिलेली ‘पुष्प की अभिलाषा’ शाळेत कुणी पाठ केली नाही? तिथलं फूल देवाच्या मस्तकावर जायला नाही म्हणतं, सम्राटाच्या शवावरही नको म्हणतं. त्याला सैनिकांच्या वाटेवर पडायचं आहे. सावरकरांचं कमळ देवाकडे जातं म्हणून अमर, चतुर्वेदींचं फूल देवाला नाकारतं म्हणून. दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजायला हवा होता.

पळसाला पानं तीन, लढाया किती?

फाल्गुनात बदलापूर सोडून गाडी वांगणीकडे निघाली की खिडकीशी बसा. पान नाही, नुसती आग. पळस.

जुन्या संस्कृत महाकाव्यांत युद्धाचं फूल कुठलं विचाराल तर हेच. रामायण-महाभारतात बाणांनी रक्तबंबाळ झालेले वीर पुन्हापुन्हा फुललेल्या किंशुकासारखे, म्हणजे पळसासारखे दिसतात. फ्लॅंडर्सच्या कवीच्या कितीतरी आधी आपल्याकडे लाल फूल आणि लाल जखम यांची जोडी लागलेली होती. एकच फरक: मॅक्रेचं फूल मेलेल्यांच्या मातीवर उगवतं, व्यासांचा पळस अजून उभा आहे, लढतो आहे.

आणखी एक. 23 जून 1757ची प्लासीची लढाई. प्लासी म्हणजे पलाशी, म्हणजे पळसाचं गाव! कंपनी सरकारचं राज्य ज्या लढाईने पक्कं होत गेलं, तिच्या नावात पळस बसलेला आहे.

तिसरं आपल्या घराजवळचं. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात पळसगाव आहे. तिथला यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक, वय 22. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेला, मोर्चा घेतला आणि तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. 2023मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने स्मारक उभारलं, तेही छायाघड्याळाच्या रूपात. पळसगावच्या पोराची आठवण तिकडे रोज सावलीने मोजली जाते.

त्याच इटलीत, त्याच वर्षी मे महिन्यात, मोंते कासिनोच्या डोंगरावर पोलंडचे सैनिक लढले. त्यांच्यातल्या फेलिक्स कोनार्स्कीने हल्ला चालू असतानाच, 17 मेच्या रात्री, डोंगरावरच्या लाल पॉपींचं गाणं रचलं. पुढे पोलंडमध्ये ते राष्ट्रगीताइतकं लाडकं झालं. यात आपलं काय? तर त्या वेळी सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, राहत होते कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पमध्ये, 1943 ते 1948. लाल पॉपींच्या गाण्यातल्या सैनिकांच्या भावकीतली पोरं पंचगंगेकाठी शाळेत जात होती, आणि कोल्हापुरी मुलखातली पोरं त्या सैनिकांसारखीच इटलीत लढत होती. वळिवडे रिकामं होता होता आपली कल्याणची छावणी भरली. कॅम्पला माणसं मिळतातच.

कुसुमाग्रज म्हणजे फुलांचा कोण?

कुणीच नाही! वि. वा. शिरवाडकरांच्या बहिणीचं नाव कुसुम. तिचा अग्रज, थोरला भाऊ, तो कुसुमाग्रज. फुलाचा संबंध घरगुती, हाक मारण्यापुरता.

आणि गंमत अशी, की नावात कुसुम असलेल्या या कवीच्या सगळ्यात प्रसिद्ध युद्धकवितेत फूल शोधून सापडत नाही. प्रतापराव गुजर आणि सहा स्वार, नेसरीची खिंड, 24 फेब्रुवारी 1674. सातांची आठवण कवीने कुणाकडे सोपवली? दगडावरच्या टाचांकडे, ओढ्याच्या पाण्याकडे, वाऱ्याकडे. ‘अनाम वीरा’मध्येही स्तंभ नाही, दिवा नाही अशी नाही-नाहीची यादी आहे. सह्याद्रीत लढाईची आठवण दगड ठेवतो. गावोगावचे वीरगळ बघा: खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत अप्सरा वीराला उचलून नेताहेत. फुलांचे हार असलेच तर ते अप्सरांच्या हातात, तेही दगडी. न सुकणारे. मुंबईत बोरिवलीच्या एक्सर गावात तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. अंबरनाथचं देऊळ बांधणाऱ्या शिलाहारांच्या अखेरच्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात.

खरी ताजी फुलं घेऊन इतिहासाकडे गेलेल्या माणसाचं आडनावच फुले. मूळ घराणं गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायचे म्हणून फुले झाले. 1869मध्ये जोतीरावांनी शिवाजी महाराजांचा पवाडा छापला. रायगडावर जाऊन झाडीत हरवलेल्या समाधीवर त्यांनी फुलं वाहिली, अशी आठवण सांगितली जाते.

एक फूल, एक भांडण

फुलासाठीच लढाई झाली, असं पुराणात आहेच. कृष्णाने पारिजातक उपटून आणला, इंद्राशी दोन हात केले. झाड लागलं सत्यभामेच्या अंगणात आणि सडा पडला रुक्मिणीच्या. बदलापुरात आमच्या सोसायटीत याच विषयावर सभा झाली आहे: झाड ‘ए’ विंगचं, कचरा ‘बी’ विंगमध्ये. ठराव अजून मंजूर व्हायचा आहे. लिनीअसने या झाडाच्या शास्त्रीय नावात ‘दुःखी वृक्ष’ घालून ठेवलं आहे, रात्री फुलून पहाटे सगळं गाळून टाकतं म्हणून.

आणि बंदुकीच्या नळीत फूल? 25 एप्रिल 1974, लिस्बन. सैन्याने हुकूमशाही उलथवली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशन खोचली. हुकूमशहा सालाझारच्या परंपरेतल्या सरकारला गोवा गेलेला मान्यच नव्हता. फुलं खोचली गेली आणि त्याच वर्षअखेर पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारात मान्य केलं. 1961मध्ये जे रणगाड्यांनी घेतलं, त्याच्या कागदावर सही झाली ती कार्नेशननंतर.

डब्यातला दसरा

‘बदलापूर म्हणजे घोडे बदलायचं ठिकाण,’ असं आमच्या गावात प्रत्येकजण पाहुण्याला सांगतो. घोडे गेले, आता गाडी बदलतो. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये आमचा डबा सजतो. खांबांना झेंडू, खिडक्यांच्या गजांना आंब्याचे टाळे, दारावर तोरण, मोटरमनला पेढा, आरती. कुर्ला येईपर्यंत निम्मी फुलं पायाखाली.

गेल्या वर्षी परतीच्या गाडीत डबा बराच रिकामा होता. तोरण सुकून काळपट पडलं होतं. एक काकू बाकावर उभ्या राहून ते सोडवत होत्या. मी म्हटलं, “काकू, राहू द्या, उद्या सफाईवाले काढतील.” त्यांनी एक सुकलं फूल तळहातावर चुरडलं आणि माझ्यापुढे धरलं. काड्यांसारख्या काळ्या-पांढऱ्या बिया.

“कुंडीत टाकते,” म्हणाल्या. “पुढच्या दसऱ्याला विकत नकोत.”

अंबरनाथ आलं. तोरण पिशवीत कोंबून त्या उतरल्या.